श्री

श्री : संस्कृतातून मराठीत आलेला एक एकाक्षरी शब्द आणि त्या शब्दाचे देवनागरीत रूढ झालेले मंगलचिन्ह. शोभा, तेज, वैभव, संपत्ती आणि लक्ष्मी हे या शब्दाचे मुख्य अर्थ. व्यक्तिनामापूर्वी येणारे आदरदर्शक उपपद, देवतेचा निर्देश करणारे नाम आणि लेखनाच्या आरंभी काढावयाचे शुभाक्षर असे त्याचे आणखी तीन उपयोग मराठीत आढळतात. देवनागरी ही ध्वनिलेखी लिपी आहे. तिच्यातील अक्षर ध्वनी दाखविते, अर्थ नव्हे. चिनी लिपीत याउलट एकेका चिन्हाला स्वतःचा अर्थ असतो व ते चिन्ह पाहताच तो अर्थ मनात उभा राहतो. देवनागरीतील ज्या थोड्या अक्षरांना असे चिनी चिन्हासारखे स्थान मिळाले आहे, त्यांत ‘ॐ’ च्या जोडीने ‘श्री’ ची गणना करावी लागेल. पत्राच्या माथ्यावरील ‘श्री’ सहसा कोणी मोठ्याने वाचीत नाही; ती दिसणे पुरेसे असते. शब्दाचे चिन्ह कसे बनते व त्या चिन्हाला सामाजिक मूल्य कसे येते, याचे हे मराठीतील ठळक उदाहरण होय.

व्युत्पत्ती व अर्थविकास : परंपरेने हा शब्द ‘श्रि’ (आश्रय घेणे) या धातूपासून साधला जातो. सर्वजण जिचा आश्रय घेतात ती श्री, असा त्याचा अर्थ सांगतात. ऋग्वेदात मात्र हा शब्द प्रामुख्याने तेज, कांती व सौंदर्य या अर्थांनी येतो. इराणी भाषासमूहातील अवेस्ता भाषेत ‘सुंदर’ या अर्थी ‘स्रीर’ हा शब्द आहे. त्यामुळे तौलनिक भाषाशास्त्रात तेज वा सौंदर्य हाच मूळ अर्थ मानण्याकडे कल आहे. ‘श्रेयस्’ व ‘श्रेष्ठ’ हे शब्द अर्थाने व रूपाने याच कुळातील होत. पाणिनीने ‘प्रशस्य’ या शब्दाच्या जागी ‘श्र’ हा आदेश सांगून (५·३·६०) त्यांची सिद्धी केली आहे. ‘नदी’ सारख्या ईकारान्त शब्दांच्या प्रथमेच्या एकवचनात विसर्ग येत नाही. ‘श्री’ च्या रूपात मात्र तो येतो (श्रीः). जुन्या संस्कृत पोथ्यांच्या आरंभी ‘श्रीः’ असे सविसर्ग रूप दिसते, ते यामुळेच. मराठीने शब्द घेतला, विसर्ग सोडून दिला.

दिसण्यातले तेज, त्यावरून ऐश्वर्य, ऐश्वर्यावरून सत्ता व संपत्ती आणि शेवटी या सर्वांची अधिष्ठात्री देवता असा या शब्दाच्या अर्थाचा प्रवास झालेला दिसतो. प्राकृतात ‘श्र’ हे जोडाक्षर टिकले नाही. मध्ये इकार येऊन ‘सिरि’ असे रूप झाले. ग्रामीण मराठीतील ‘शिरीमंत’, ‘शिरपती’, ‘शिरपा’ ही उच्चाररूपे त्याच प्रवृत्तीची द्योतक होत. शिष्ट मराठीत आज बोलला जाणारा ‘श्री’ हा उच्चार तत्सम, म्हणजे संस्कृतातून पुन्हा जसाच्या तसा घेतलेला आहे.

देवता : शतपथ ब्राह्मणात (११·४·३) श्रीविषयी एक अर्थपूर्ण कथा आहे. प्रजापतीने तप केले असता त्याच्यातून श्री बाहेर पडली. तिचे तेज पाहून देवांना हाव सुटली व ते तिला मारण्यास निघाले. स्त्रीला मारू नये, जिवंत ठेवून तिच्याजवळचे काढून घ्यावे, असे प्रजापतीने सांगितले. तेव्हा अग्नीने तिचे अन्न, सोमाने राज्य, वरुणाने साम्राज्य, मित्राने क्षत्र, इंद्राने बल, बृहस्पतीने ब्रह्मवर्चस, सवित्याने राष्ट्र, पूषाने भाग्य, सरस्वतीने पुष्टी व त्वष्ट्याने रूपे घेतली. पुढे यज्ञद्वारा तिने ती परत मिळविली. या दहा गोष्टींची यादी म्हणजे ‘श्री’ या शब्दाच्या अर्थकक्षेचे प्राचीन कोशकार्यच म्हणता येईल. वाजसनेयी संहितेत (३१·२२) श्री व लक्ष्मी या दोन वेगळ्या पत्नी म्हणून उल्लेखिल्या आहेत. पुढे त्या एकरूप झाल्या. ऋग्वेदाच्या खिल भागातील श्रीसूक्तात हे ऐक्य दिसते आणि अमरकोशात ‘श्री’ हा लक्ष्मीचा पर्यायशब्द म्हणूनच दिला आहे. बौद्ध परंपरेतही ती परिचित होती. मध्य प्रदेशातील भारहूत येथील स्तूपाच्या कठड्यावर एका स्त्रीमूर्तीखाली ‘सिरिमा देवता’ असे नाव कोरले आहे. महाराष्ट्रात जुन्नरजवळील मानमोडी डोंगरातील बौद्ध लेण्याच्या दर्शनी भागावर आणि वेरूळच्या कैलास मंदिराच्या प्रवेशभागी दोन्ही बाजूंनी हत्ती अभिषेक करीत असलेली गजलक्ष्मी आहे. वेगवेगळ्या धर्मांच्या वास्तूंना ही देवता सारखीच चालली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील कोरीव लेख व नाणी : व्यक्तिनामाशी श्री जोडण्याची प्रथा महाराष्ट्रात किमान दोन हजार वर्षांची आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेण्यात राजपुरुषांच्या प्रतिमांवर नावे कोरलेली होती. त्यांपैकी सिमुक सातवाहनाच्या नावापुढे ‘सिरिमातो’ (श्रीमान) हे विशेषण आहे, तर सातकर्णीच्या नावामागे ‘सिरि’ हे उपपद आहे. सातवाहनांच्या नाण्यांवरही ‘रञो सिरि सातकणिस’ असा मजकूर आढळतो. म्हणजे हे उपपद प्रथम राजाचे होते.

कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या भव्य मूर्तीच्या पायथ्याशी असलेल्या ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ या प्रसिद्ध मराठी ओळीचे पहिलेच अक्षर श्री आहे. रायगड जिल्ह्यातील आक्षी येथील शके ९३४ (इ. स. १०१२) च्या शिलालेखातही केसिदेवराय या शिलाहार राजाच्या नावापूर्वी ते येते. मराठीचा आद्य लेख कोणता, याविषयी विद्वानांत वाद असला, तरी या वादातील दोन्ही प्रमुख लेखांत श्री आहे, याविषयी वाद नाही.

श्री हे उपपद गावांनाही लागले. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड ही स्थळे ज्या साष्टी बेटावर आहेत, तो प्रदेश दहाव्या ते तेराव्या शतकांत उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या अमलाखाली होता. कांजूरमार्गच्या लगतच्या भांडुप येथे शिलाहार राजा छित्तराज याचा शके ९४८ (इ. स. १०२६) चा ताम्रपट सापडला. त्यात षट्षष्टी (साष्टी) या विषयातील, म्हणजे प्रशासकीय विभागातील, नौर नावाच्या गावच्या जमिनीचे दान नोंदलेले आहे व हा विषय ‘श्रीस्थानक’ या प्रदेशात मोडत असल्याचे सांगितले आहे. श्रीस्थानक म्हणजे आजचे ठाणे. नगराच्या नावातील श्री पुढे गळून गेली व ‘स्थानक’ चे ठाणे झाले. कोकणातील श्रीवर्धनने मात्र ती टिकवून धरली.

मराठेशाहीत या अक्षराला पुन्हा राजचिन्हाचे स्थान मिळाले. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाल्यानंतरच्या शिवरायांच्या होन व तांब्याची शिवराई या नाण्यांवर एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे आहेत. आसपासच्या राज्यांची नाणी फार्सी अक्षरांत पडत असताना देवनागरीतील हा मजकूर म्हणजे सार्वभौमत्वाची घोषणा होती. निरक्षर माणसालाही नाण्यावरील श्री ओळखता येत असावी. कारण ती त्याच्या नित्य दर्शनातील होती. पेशव्यांच्या मुद्रांचा आरंभही ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान’ असाच होई.

लिपिरूप : श्री या अक्षरात श्, र् हे दोन वर्ण व ई हा स्वर आहे. ब्राह्मी लिपीत ‘श’ खाली ‘र’ व डोक्यावर दीर्घ ईकाराची खूण अशी त्याची उभी रचना होती. अनेक शतकांच्या लेखनात या तीन घटकांचे सांधे बुजून एकसंध आकृती झाली. देवनागरीत ‘श’ ची दोन वळणे आहेत : स्वतंत्र अक्षरातील व श्र, श्व, श्च यांसारख्या जोडाक्षरांतील. दुसऱ्या वळणात ‘श’ हा फितीसारखा वळसा घेऊन येतो. श्रीमध्ये त्यालाच ‘र’ ची तिरपी रेघ जोडलेली असते. त्यामुळे अक्षर शिकणाऱ्या मुलाला त्यात ‘श’ सहजी सापडत नाही; तो ते चित्राप्रमाणे एकदम शिकतो. घटक न ओळखता आकृती ओळखणे ही चिनी चिन्हांच्या वाचनातील प्रक्रिया येथे देवनागरीतही घडते.

लिपिसुधारणेच्या चळवळींतही या अक्षराला सवलत मिळाली. केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या लिपिमानकीकरणात बहुतेक जोडाक्षरे सुट्या घटकांनी लिहावीत असा आग्रह असला, तरी ‘श्र’ चे रूढ रूपच मान्य ठरविले गेले. हिंदीच्या वर्णमालेत क्ष, त्र, ज्ञ यांच्या पंक्तीस ‘श्र’ लाही बसविले जाते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये मराठीसाठी वर्णमाला व अक्षररूपे निश्चित केली. त्यात मराठीचा ‘श’ देठयुक्त असावा असे ठरले. हिंदीच्या गाठयुक्त ‘श’ पेक्षा हे वळण वेगळे आहे.

पत्रलेखन व जमाखर्च : मराठी माणसाच्या जीवनात श्रीचे खरे स्थान कागदाच्या माथ्यावर आहे. कागद पुढे घेतल्यावर वरच्या बाजूस मध्यभागी, दोन्हीकडे दुहेरी दंड देऊन ‘॥ श्री ॥’ काढावयाची व मगच मजकुराला हात घालावयाचा, हा अनेक पिढ्यांचा शिरस्ता होता. या लेखनारंभीच्या अक्षराला ‘श्रीकार’ असे नाव आहे. पुष्कळदा श्रीपुढे कुलदेवतेचे नाव येई. होळकरांच्या पत्रांवरील ‘श्रीम्हाळसाकांत’ हा खंडोबाचा निर्देश त्याचे उदाहरण होय. मायन्यातही हेच अक्षर निरनिराळ्या रूपांनी येई. ‘श्रीमंत’ हा मायना राजे, पेशवे व सरदार यांना असे. ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ हा प्रतिष्ठितांचा मायना. याचेच संक्षिप्त रूप ‘रा. रा.’ (राजमान्य राजश्री) विसाव्या शतकातही सर्रास लिहिले जात होते. ‘मातुश्री’, ‘तीर्थरूप’, ‘वेदमूर्ती राजश्री’, ‘चिरंजीव’ यांपैकी कोणता मायना वापरावयाचा, हे पत्र लिहिणारा व पत्र घेणारा यांच्या नात्यावरून, वयावरून व त्या काळी जातीवरूनही ठरे. मौजेच्या मोकदमाला पत्र जाताना बहुधा हुद्दा व गाव यांचाच उल्लेख असे. पत्रातील पहिली ओळ वाचताच समाजाच्या उतरंडीत त्या माणसाची पायरी कळावी, अशी ही योजना होती.

श्रींची संख्याही काही अर्थ सांगे. वररुचीच्या नावे असलेल्या पत्रकौमुदी या ग्रंथातील नियमाप्रमाणे गुरूला सहा, स्वामीला पाच, शत्रूला चार, मित्राला तीन, सेवकाला दोन आणि पुत्र व पत्नी यांना एकेक श्री लिहावयाची असते. शत्रूला मित्रापेक्षा एक श्री अधिक मिळते, हे या नियमातील व्यवहारज्ञान लक्षणीय आहे. नेपाळात राजाला ‘श्री ५’ व राणा घराण्यातील पंतप्रधानाला ‘श्री ३’ हे किताब होते. तेथील शासनाचे ‘श्री ५ को सरकार’ हे अधिकृत नाव २००६ मध्ये बदलून ‘नेपाल सरकार’ झाले. एका अक्षराची व एका अंकाची ही वजावट म्हणजे राजसत्तेच्या अस्ताची नोंद होती.

जमाखर्चात श्री म्हणजे लक्ष्मी, अर्थात रोकड. किर्दीत दिवसाच्या आरंभी हाती असलेल्या रोख रकमेस ‘श्रीशिल्लक’ म्हणतात. ‘आरंभीची श्रीशिल्लक’ व ‘अखेरची श्रीशिल्लक’ या संज्ञा संस्थांच्या हिशेबांत रूढ आहेत. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या वेळी व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. गुजराती व्यापाऱ्यांत वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या ओळीत एक श्री, दुसरीत दोन, तिसरीत तीन अशा वाढत्या क्रमाने लिहून श्रींचा डोंगर रचण्याची चाल आहे. घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील पेढ्यांत ती परिचित आहे. येथे श्री शब्द म्हणून वाचावयाची नसते. धन याच रीतीने वाढत जावो, असे तिची मांडणी सांगते.

आदरार्थी उपपद : राजाच्या नावाचे उपपद सामान्य माणसाच्या नावामागे येणे, ही या अक्षराच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना म्हटली पाहिजे. ब्रिटिश अमदानीत ‘मिस्टर’ व ‘रावसाहेब’, ‘रावबहादूर’ यांसारखे किताब होते. त्यांच्या बरोबरीने ‘श्रीयुत’ व ‘श्री.’ रुळले आणि स्वातंत्र्यानंतर शासकीय पत्रव्यवहारात ‘श्री.’ हेच सर्व पुरुषांसाठी सामान्य उपपद झाले. मायन्यातून जात व पायरी सांगणारी जुनी व्यवस्था त्यामुळे निदान कागदावर तरी संपली. या उपपदाचे काही अलिखित नियम आहेत. ते स्वतःच्या सहीत लिहीत नाहीत. मृत व्यक्तीच्या नावामागे ते येत नाही, तेथे ‘कै.’ (कैलासवासी) लिहितात. म्हणून मानवी नावाच्या बाबतीत श्री ही जिवंतपणाची खूण ठरते. देव व संत यांना हा नियम लागू नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ही समता उशिरा आली. पुरुष विवाहित असो, अविवाहित असो वा विधुर, त्याची ‘श्री’ बदलत नाही. स्त्रीला मात्र मराठीने ‘कु.’ (कुमारी), ‘सौ.’ (सौभाग्यवती) व ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी) अशी तीन उपपदे दिली व त्यांतून तिचे पतीशी नाते दर वेळी जाहीर केले. पतीच्या निधनानंतर पत्रावरील पहिले अक्षरच बदलत असे. हिंदीत ‘श्रीमती’ हे विवाहितेचे उपपद आहे, तर मराठीत ‘सौ.’ ची जागा ठरलेली असल्याने ‘श्रीमती’ पुष्कळदा विधवेसाठी वापरले गेले. यामुळे गैरसमज होत व मने दुखावली जात. अलीकडे वैवाहिक स्थिती न सांगणारे उपपद म्हणून ‘श्रीमती’ सरसकट सर्व स्त्रियांसाठी वापरण्याचा प्रघात शासकीय व औपचारिक लेखनात वाढला आहे.

१९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील बौद्धांनी श्री व श्रीमती यांऐवजी ‘आयुष्मान’ (आयु.) व ‘आयुष्मती’ ही पाली परंपरेतील उपपदे स्वीकारली, निमंत्रणपत्रिकेच्या माथ्यावर ‘नमो बुद्धाय’ वा ‘जय भीम’ हे शब्द येऊ लागले. मृतासाठी ‘कै.’ च्या जागी ‘कालकथित’ हा शब्द आला. मुसलमानांत ‘७८६’ हा अंक कागदाच्या व वाहनाच्या माथ्यावर हेच कार्य करतो. कांजूरमार्गसारख्या कामगारवस्तीच्या उपनगरात गणेशोत्सव मंडळाच्या पावतीवरील ‘॥ श्री ॥’, बुद्धजयंतीच्या पत्रकावरील ‘नमो बुद्धाय’ व टेंपोवरील ‘७८६’ ही तिन्ही चिन्हे एकाच रस्त्यावर दिसू शकतात. कागदाच्या माथ्यावर काय लिहावयाचे, हा प्रश्न केवळ लेखनपद्धतीचा नसून आपण कोण आहोत हे सांगण्याचा आहे, असे त्यावरून दिसून येते.

समास व वाक्प्रचार : ‘श्री’ एकटी व अनेकवचनी रूपात आली, की तिचा अर्थ देव असा होतो. ‘श्रींची मूर्ती’, ‘श्रींची स्थापना’, ‘श्रींचे विसर्जन’, ‘श्रींची इच्छा’ या प्रयोगांत कोणता देव हे संदर्भाने समजते. येथे मुळातील स्त्रीलिंगी देवता मागे पडून कोणत्याही देवाचा आदरार्थी निर्देश उरतो.

‘श्रीगणेशा करणे’ म्हणजे आरंभ करणे. मुलाला अक्षरओळख करून देताना धूळपाटीवर प्रथम ‘श्रीगणेशाय नमः’ गिरवून घेत. त्या वाक्याचे पहिले दोन शब्द तोडून हा वाक्प्रचार झाला. ‘अमुक गोष्टीचा श्रीगणेशासुद्धा ठाऊक नाही’ म्हणजे तिची प्राथमिक माहितीही नाही. ‘श्रीमुख’ म्हणजे देवाचे वा राजाचे मुख. ‘श्रीमुखात भडकावणे’ वा ‘देणे’ म्हणजे थोबाडीत मारणे. आदराच्या शब्दाला उपहासाची धार लावण्याची मराठीची हौस येथे दिसते. ‘श्रीफळ’ याचा संस्कृतातील अर्थ बेलफळ. मराठीत मात्र त्याचा अर्थ नारळ असा स्थिर झाला. सत्कारात शाल व श्रीफळ देतात. ‘हाती नारळ देणे’ म्हणजे मात्र कामावरून दूर करणे. निरोपाच्या वेळी नारळ देण्याच्या रीतीतून हा अर्थ निघाला असावा. ‘श्रीखंड’ म्हणजे संस्कृतात चंदन. एकनाथांच्या घरी श्रीकृष्णाने ज्या नावाने राबून गंध उगाळले व पाणी वाहिले, अशी कथा आहे, ते ‘श्रीखंड्या’ हे नाव त्या जुन्या अर्थाशी जुळते. चक्क्याच्या पक्वान्नाला हेच नाव असले, तरी त्याचा संबंध संस्कृतातील ‘शिखरिणी’ या पदार्थनामाशी जोडला जातो.

‘श्रीमंत’ या शब्दाची कथाही अशीच आहे. पेशवाईत तो किताब होता. आज तो केवळ पैसेवाला या अर्थी उरला आहे. जन्मतःच धनाढ्य असलेल्याला ‘गर्भश्रीमंत’ म्हणतात. मूळचा तेजाचा अर्थ ‘वनश्री’, ‘हतश्री’, ‘श्रीहीन’ या समासांत शिल्लक आहे. ‘पद्मश्री’ हा राष्ट्रीय पुरस्कार १९५४ मध्ये स्थापन झालेल्या सन्मानांपैकी असून त्याचे हे नाव १९५५ मध्ये ठरले. शरीरसौष्ठव स्पर्धांतील ‘मुंबई श्री’, ‘महाराष्ट्र श्री’, ‘भारत श्री’ या किताबांत वेदकालीन कांतीचा अर्थ अनपेक्षितपणे पुन्हा जागा झाला आहे. याखेरीज एका गुरू अक्षराचा एक चरण असलेल्या वृत्ताला, पूर्वी थाटातील सायंकालीन रागाला व त्रिकोणांच्या गुंफणीतून साकारणाऱ्या तांत्रिक यंत्रालाही श्री हेच नाव आहे.

भारताबाहेर : बौद्ध व हिंदू संस्कृतींबरोबर हा शब्द आग्नेय आशियात गेला. सुमात्रातील श्रीविजय साम्राज्य, थायलंडमधील नाखोन सी थम्मारात हे नगर, ब्रूनेईची राजधानी बंदर सेरी बेगावान आणि इंडोनेशियातील भाताची देवता देवी स्री ही त्याची उदाहरणे होत. चिनी भाषेत तो दोन मार्गांनी पोहोचला. मंजुश्री या बोधिसत्त्वाचे नाव ध्वनी पकडून ‘वन-शू-श-ली’ असे लिहिले गेले. अर्थ पकडून त्याचेच ‘म्याव-ची-श्यांग’ असे भाषांतर झाले. त्यात श्रीसाठी ‘ची-श्यांग’ (मंगल) ही चिन्हे आली. बुद्धाच्या छातीवरील शुभलक्षण म्हणून ग्रंथांत येणाऱ्या ‘श्रीवत्स’ या शब्दासाठी चिनी भाषांतरकारांनी स्वस्तिकाच्या आकृतीचाही उपयोग केला. ६९३ मध्ये सम्राज्ञी वू त्स-थ्यान हिने त्या आकृतीचा उच्चार ‘वान’ (दहा हजार) असा निश्चित केला व एक भारतीय मंगलचिन्ह चिनी अक्षर होऊन बसले. श्रीशी तुलना करण्याजोगे खास चिनी अक्षर म्हणजे ‘फू’ (सुखसमृद्धी). वेदी व मद्यपात्र दाखविणाऱ्या घटकांपासून बनलेले हे अक्षर नववर्षाला लाल कागदावर लिहून दारावर लावतात व पुष्कळदा मुद्दाम उलटे लावतात. कारण ‘उलटे’ व ‘येऊन पोहोचले’ या अर्थांचे चिनी शब्द समोच्चारी आहेत.

मंगल अक्षर कलहाचेही कारण होऊ शकते, हे श्रीलंकेत (तेव्हाचे सिलोन) दिसले. तेथे १९५७–५८ मध्ये वाहनांच्या क्रमांकपट्ट्यांवर इंग्रजी अक्षरांच्या जागी सिंहली लिपीतील श्री आली. उत्तरेकडील तमिळ भाषकांनी ती पुसून तमिळ लिपीतील श्री लिहिली. दक्षिणेत तमिळ पाट्यांना डांबर फासले गेले. शब्द एकच, देवता एकच, उच्चारही जवळजवळ एकच. वाद होता तो लिपीचा व ती कोणी कोणावर लादावयाची याचा. एप्रिल १९५८ मध्ये बंडारनायके–चेल्वनायकम् करार मोडीत निघाला आणि मे महिन्यात भीषण वांशिक दंगली झाल्या. त्यांमागे भाषाधोरणाची व्यापक कारणे असली, तरी श्रीचे प्रकरण हे त्यांतील एक ठळक निमित्त होते. तमिळनाडूत शुद्ध तमिळच्या पुरस्कर्त्यांनी श्रीऐवजी त्याच अर्थाचा ‘तिरु’ हा शब्द रूढ केला.

मुद्रण व संगणक : खिळे जुळवून होणाऱ्या मुद्रणात देवनागरीसाठी शेकडो जोडाक्षरांचे खिळे लागत. दंड काढून टाकून सुटसुटीत न होणाऱ्या ‘श्र’ सारख्या अक्षरासाठी स्वतंत्र खिळा ठेवणेच सोयीचे असे. संगणकाच्या युनिकोड या संकेतव्यवस्थेत श्रीला स्वतंत्र स्थान नाही. श, हलन्तचिन्ह, र व दीर्घ ईकार असे चार संकेत क्रमाने साठविले जातात आणि टंकातील नियमांनुसार पडद्यावर एक अखंड आकृती उमटते. टंकात तो नियम नसेल, तर अक्षर विस्कटून दिसते. देवनागरीच्या संगणकीय टंकांसाठी महत्त्वाचे कार्य करणारे सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी कांजूरमार्गनजीक पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात (स्थापना १९६९) अध्यापन केले. त्यांचा ‘मंगल’ हा टंक संगणकाबरोबरच येत असल्याने घरोघर पोहोचला. कागदाची जागा पडद्याने घेतल्यावर पत्रारंभीची श्री विरळ झाली आहे. तथापि लग्नपत्रिका, वहीपूजन, दुकानाची पाटी व परीक्षेतील उत्तरपत्रिका यांच्या माथ्यावर ती अद्याप काढली जाते, आणि पूर्वीप्रमाणेच ती सहसा मोठ्याने वाचली जात नाही.